पिकअपचे पुढचे काम

पिकअप डावीकडे ओढते, हे भाऊ होता तोवर मला माहीतही नव्हते. त्याच्या शेजारी बसून मी कितीदा तरी नेवाशाला गेलो असेन. तो उजव्या हाताने स्टिअरिंग जरा खाली दाबून धरायचा आणि डाव्या हाताने हवेत काहीबाही सांगत राहायचा. ती त्याची बसण्याची लकब आहे असे मी धरून चाललो होतो. खरे तर पुढच्या चाकांचे सगळे सांधे झिजले होते, आणि गाडी रस्त्यावर सरळ ठेवण्यासाठी तो सगळा वेळ तिला उजवीकडे खेचत होता. हे मला तो गेल्यावर दोन महिन्यांनी, त्याच्या बायकोकडून कळले.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात नेला आणि चौथ्या दिवशी तो गेला. मी नगरला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला आहे. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलेले असते, पण एस.टी.त तिकीट मागताना तोंडातून नगरच येते. गाव आमचे नेवासा तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून आत. थोडी शेती आणि भावाची दुधाची लाईन एवढ्यावर घर चालायचे. लाईन म्हणजे सकाळ-संध्याकाळ वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करून शीतकरण केंद्रावर पोचवायचे. तो गेल्यावर शेजारच्या गावचा एक टेम्पोवाला ती लाईन तात्पुरती चालवत होता. केंद्रावरच्या माणसांनी भावजयीला महिनाअखेरपर्यंत थांबतो असे सांगितले होते. तोवर आपली गाडी सुरू झाली तर लाईन तिची, नाहीतर टेम्पोवाल्याकडे कायमची.

तिला ती हवी होती. गाडी चालवायला भावानेच तिला शिकवले होते, लायसनही त्याच्या हयातीतले. दोनच महिने झालेत, लोक काय म्हणतील, असे घरातल्या बायका म्हणाल्या, तर ती म्हणाली, दूध काढायचे लोक थांबलेत का. मग एका दुपारी रिकामे कॅन गाडीत चढवून ती एकटीच चक्कर मारायला निघाली. कॅनॉलच्या पुलावर खड्ड्यात चाक आदळले, गाडी डावीकडे गेली आणि कठडा नाही तिथे, अगदी कडेला जाऊन थांबली. तिने चाकाखाली दगड लावला आणि चालत घरी आली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला ठाऊक झाले. बाईमाणसाचे काम नव्हे, हे वाक्य मी त्या दिवशी चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले. मी मोठा. मी म्हणालो, गाडीचे पुढचे काम करून घेऊ. मी करून घेतो. महिना संपायला तेव्हा एकोणीस दिवस होते.

मला गाडीतले काही कळत नाही. पण पुस्तक वाचून कळत नाही असे जगात फारसे काही नसते, अशी माझी तेव्हा समजूत होती. मी रजा टाकली, नेटवरून त्या मॉडेलचे दुरुस्तीचे पुस्तक उतरवले, झेरॉक्सच्या दुकानात छापून त्याला स्पायरल बाइंडिंग करून घेतले आणि पेन्सिल घेऊन बसलो. दोन दिवस त्यात गेले. हे दोन दिवस वाया गेले असे मला त्या वेळी वाटले नव्हते.

भावाची गाडी वर्षानुवर्षे ज्याच्याकडे जायची तो मिस्त्री नेवासा फाट्यावर, पत्र्याच्या एका शेडमध्ये एकटाच काम करतो. साठीला आलेला माणूस. चष्म्याची काडी मोडलेली, तिला वायर गुंडाळलेली. त्याने जॅक लावून पुढची चाके उचलली, एकेक चाक वर-खाली धरून हलवले, आणि दर वेळी आत कुठेतरी लोखंड लोखंडावर आपटल्यासारखा खट् आवाज आला. बुश गेलेत, बॉल जॉइंट गेलेत, टाय रॉड ढिले, शॉकअप नुसते नावाला. त्याने यादी सांगितली आणि मी ती पुस्तकातल्या आकृतीशी पडताळत बसलो. त्याने माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिले.

"सर, गंज धरलेला बोल्ट कसा काढायचा ते लिवलंय का त्यात?"

ते लिहिलेले नव्हते. डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा, म्हणजे आर्मचा, बोल्ट काढायला दीड दिवस लागला. त्यावर डिझेल ओतले, हातोडा मारला, पान्याला चार फुटी पाइप लावून दोघे लोंबकळलो. शेवटी गॅस कटरवाल्याला बोलवावे लागले, तो दुपारी येतो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यात बसणारी रबरी नळकांडी, आणायला मी नगरला गेलो. दुकानदाराने दिले ते आणून दाखवले, तर एक सूत मोठे. परत गेलो. या वेळी बाहेरून बरोबर होते आणि आतले भोक लहान. तिसऱ्यांदा मी जुना बुश कागदात गुंडाळून पिशवीत घेऊन गेलो आणि दुकानदाराने तो हातात धरून शांतपणे विचारले, पहिल्यांदाच का नाही आणला? एस.टी.च्या खिडकीशी बसून मी स्वतःवर इतका चिडलो होतो की घोडेगाव कधी मागे पडले तेही कळले नाही.

त्यात कारखाने सुरू झालेले. उसाच्या ट्रॉलीचा हूक मोडला की ट्रॅक्टर थेट शेडपुढे येऊन उभा राहायचा, आणि मिस्त्री माझे काम ठेवून तिकडे वळायचा. ऊस तोडलेला असतो, तो वाळतो, थांबता येत नाही. मलाही थांबता येत नव्हते, पण ते मी कुणाला सांगत नव्हतो. मी शेडमधल्या बाकावर, चाके काढलेल्या गाडीसमोर बसून राहायचो. पिकअपचे पुढचे दोन्ही हात लोंबत असायचे. आदल्या वर्षी भाऊ दोनदा नगरला आला होता, दोन्ही वेळा मला ग्रंथालयातून निघायला उशीर झाला आणि तो चहा घेऊन परत गेला. बाकावर बसून हेच डोक्यात यायचे. मग मी उठून काहीतरी पुसायला घ्यायचो.

आता ज्यावरून सगळे बिघडले ते सांगतो. या गाडीला पुढे स्प्रिंगचे पाटे नाहीत. पुढचा भार दोन लांब लोखंडी दांडे पीळ घेऊन पेलतात, त्यांना मिस्त्री टॉर्शन रॉड म्हणतात. प्रत्येक रॉडच्या मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की रॉडचा पीळ वाढतो आणि गाडीचे नाक वर येते, ढिला केला की नाक खाली बसते. मिस्त्रीने रॉड सोडवायला घेतले तेव्हा मी त्याला थांबवले. गाडीखाली झोपून, मोबाईलच्या उजेडात, दोन्ही बोल्टांचे बाहेर आलेले आटे मी मोजले आणि वहीत लिहून घेतले. डावीकडे तेवीस, उजवीकडे सत्तावीस. हे बोल्ट भावाने स्वतःच्या हाताने लावलेले होते, हे मला मिस्त्रीने सांगितले होते. या कामासाठी तो कधी शेडवर यायचा नाही, घरीच करायचा.

रॉड काढल्यावर मिस्त्रीने ते जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवले आणि मान हलवली. थकलेत, म्हणाला. नवे टाकावे लागतील. मी जुनेच राहू द्या म्हणून बराच वाद घातला. शेवटी नवे आणले. बसवताना मी वही उघडली आणि आकडे सांगितले.

"नव्या रॉडला जुनं माप चालत न्हाई, सर. नाक आभाळात जाईल."

"होतं तसंच करा," मी म्हणालो.

मी आवाज चढवला नाही, मला ते जमत नाही. पण ज्या तऱ्हेने मी ते बोललो त्यावर त्याने फडक्याला हात पुसले आणि दोन्ही बोल्ट मोजून आवळले, तेवीस आणि सत्तावीस. नंतर मला कळले की इतर कुणाला त्याने तिथल्या तिथे हाकलून दिले असते. मी भाऊ गमावलेला माणूस होतो. दहाव्याला उतरवलेले केस बोटभरही वाढले नव्हते. आमच्याकडे अशा माणसाला वर्षभर कुणी उलटून बोलत नाही. त्याने मीठ जास्त पडलेली भाजी चांगली म्हटली तर चांगली. हे सुतकाच्या नियमांत कुठे लिहिलेले नाही, पण पाळतात सगळे. सगळे माझ्या मनाप्रमाणे चालले होते आणि काहीच नीट होत नव्हते, याचे कारण मला तेव्हा दिसले नाही.

गाडी जमिनीवर उतरली तेव्हा तिचे तोंड वर होते, बैल मान वर करून उभा राहावा तसे. नवे आहे, बसेल हळूहळू, असे मी मिस्त्रीला सांगितले. तो पाने गोळा करू लागला. व्हील अलाइनमेंटसाठी मी त्याच्यासोबत मोठ्या रस्त्यावरच्या सेंटरला गेलो. तिथल्या माणसाने मशीन लावले, दहा मिनिटे खटपट केली, आणि चाकांचा कल मापात येत नाही, आधी गाडी खाली घ्या, असे मला न सांगता मिस्त्रीच्या कानाशी सांगितले. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, बॉल जॉइंट चुकीचे आले असतील.

ते बरोबर होते. उघडून पाहिले. मग मी म्हणालो, वरच्या आर्मचे बुश नीट दाबले गेले नसतील. प्रेसवाल्याकडे नेले, तेही बरोबर होते. पुन्हा जोडले. पुन्हा सेंटर. पुन्हा तेच. रस्त्यावर गाडी होडीसारखी हेलकावत होती, आणि खड्ड्यातून चाक वर आले की वरचा आर्म कुठेतरी धाडकन आपटत होता. तिसऱ्या फेरीत एका नव्या बॉल जॉइंटचे रबर फाटलेले दिसले, चार दिवसांत. मी ते फाटलेले रबर हातात घेऊन मिस्त्रीला म्हणालो की तुमच्या कामात राम नाही. साठ वर्षांच्या माणसाला मी हे बोललो. त्याने बिडी पेटवली, शेडबाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून ती संपवली आणि परत येऊन नवे रबर चढवायला घेतले. महिना संपायला तीन दिवस उरले होते.

आणि रॉडबद्दल मिस्त्री जे म्हणाला होता तेच पुस्तकातही लिहिले होते. नवीन रॉड बसवल्यास जुन्या बोल्टचे माप ग्राह्य धरू नये, भार ठेवून जमिनीपासूनची उंची मोजावी. ते पान मी वाचले होते. त्या ओळीखाली माझ्या पेन्सिलीची रेघ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय शेडवर आली, माझा डबा घेऊन. फाट्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे चालत. डबा तिने बाकावर ठेवला, मिस्त्रीला काम कुठवर आलेय ते विचारले नाही, मलाही नाही. दार उघडून ती स्टिअरिंगवर बसली. बराच वेळ नुसती समोर बघत बसली. मग खाली उतरून बोनेटपुढे आठ-दहा पावले चालत गेली, उभी राहिली, तिथे एक वीट ठेवली आणि पुन्हा वर जाऊन बसली.

"दादा, मला वीट दिसत न्हाई," ती म्हणाली.

मी म्हणालो, सवय होईल. भाऊ चालवत होता तेव्हाही बोल्ट एवढेच होते. मी मोजून घेतलेत.

ती एवढ्या सरळपणे माझ्याकडे पाहत कधी बोलली नव्हती. मोठ्या दिराशी बोलताना ती नेहमी दाराकडे किंवा हातातल्या कामाकडे बघायची.

"ते बोल्ट त्यांनी हौसेनं आवळलेले न्हाईत. गाडी पुढून बसायची म्हणून आवळायचे. दर दोन-तीन महिन्याला खाली झोपायचे, आणि झोपलं की त्या रॉडच्या आईबापाचा उद्धार. पोरीला मी घरात घेऊन जायची, ऐकू नये म्हणून. तुमी त्यांच्या शिव्या मोजून आणल्यात व्हय?"

मिस्त्री खाली वाकून काहीतरी शोधू लागला. त्याच्या खांद्यांवरून कळत होते की तो हसू दाबतो आहे.

मला राग आला. खरे तर मला फार राग आला, तिच्यावर, मिस्त्रीवर, त्या दुकानदारावर, सगळ्यांवर. मी म्हणालो की त्याने जे करून ठेवले आहे ते निदान एका ठिकाणी तसेच राहावे एवढेच मला वाटत होते. हे मी मोठ्याने बोललो याचे मलाच आश्चर्य वाटले. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाली, "ते चालवायचे तवा त्यांना झेपत होतं. परवापासनं मला चालवायचीय. मला रस्ता दिसला पायजे."

मी वही मिटून पिशवीत टाकली आणि मिस्त्रीला म्हणालो, यांना विचारून करा.

त्यानंतर त्या शेडमध्ये जे घडले त्यात मला फक्त पाणी वाहायचे काम होते. मिस्त्रीने पिकअपच्या मागच्या हौद्यात दुधाचे रिकामे कॅन रचले, जेवढे ती लाईनवर भरते तेवढे, आणि शेजारच्या गाड्या धुण्याच्या रॅम्पवरून पाणी आणून ते गळ्यापर्यंत भरायला लावले. रिकाम्या गाडीवर माप घेणारा मिस्त्री न्हाई, चोर, असे तो म्हणाला. हे त्याने मला उद्देशून म्हटले की नाही, सांगता येत नाही. बादल्या वाहून माझे दोन्ही तळहात सोलले. मग भावजयीला सीटवर बसवले, कारण भार म्हणजे चालवणाऱ्यासकट भार. त्याने गाडी दोनदा पुढे-मागे ढकलवली, म्हणजे ती आपल्या वजनाने नीट बसते, आणि दोन्ही बोल्ट ढिले करायला सुरुवात केली. माप त्याचे बोटांचे होते. टायरच्या वर, मडगार्डच्या खाली, हात आडवा घालायचा. पाच बोटे आली की थोडे ढिले, चार बोटे आली की थांबायचे. डावी-उजवी बाजू सारखी झाली की तो तिला विचारायचा.

"दिसती का वीट?"

"अर्धी."

पुन्हा पाना.

"आता?"

"दिसती. तिच्या अलीकडचं पण दिसतंय."

शेवटी, गाडी अशी भाराखाली उभी असतानाच, आर्मचे सगळे मोठे बोल्ट त्याने ढिले करून पुन्हा आवळले. लोंबत्या चाकावर आवळले की बुशाला पीळ बसतो आणि तो महिन्यात फाटतो, हे त्याने मला समजावून सांगितले, विद्यार्थ्याला सांगावे तसे, सावकाश आणि न रागावता. मी आधीच्या तिन्ही वेळा त्याला घाई करून जॅकवरच आवळायला लावले होते. त्या दिवशी संध्याकाळी निघताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, चालायचंच, तुमच्या जागी कुणीपण असता. मला बरे वाटले नाही. त्याने एकदा तरी मला झापायला हवे होते, पहिल्याच दिवशी.

अलाइनमेंट सेंटरवर या वेळी काम एका फेरीत झाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा मी शेजारी बसलो. तिने नको म्हटले नाही. वस्तीवस्तीवर माणसे कॅन घेऊन उभी होती. काहींनी गाडीकडे आधी आणि तिच्याकडे नंतर पाहिले. कॅनॉलच्या पुलाआधी तिने गिअर बदलला, खड्ड्याच्या उजवीकडून गाडी घेतली, आणि दाराला घट्ट धरलेला डावा हात मी पूल मागे पडल्यावर सोडला. स्टिअरिंग तिच्या दोन्ही हातांत सरळ होते. दाबून धरावे लागत नव्हते. मी इतकी वर्षे ज्याला भावाची बसण्याची पद्धत समजत होतो ती तिथे कुठेच नव्हती, आणि ते बघून मला काय वाटले हे मला अजून नीट लिहिता येत नाही. बरे वाटले नाही, एवढे खरे.

केंद्रावर टेम्पोवाला आधीच येऊन उभा होता. वाईट माणूस नव्हता तो, अडचणीच्या वेळी धावून आला होता. पण लाईन त्यालाही हवी होती. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या चाकाला बुटाने ठोकर दिली.

"वैनी, जमंल का रोज? पावसाळ्यात तो रस्ता लई वंगाळ."

"पावसाळ्याला येळ हाय," ती म्हणाली. "तुमी दोन महिने केलंत, लई झालं. आता उद्यापासनं येऊ नका."

केंद्रावरच्या माणसाने कॅन उतरवून घ्यायला माणसे पाठवली आणि संध्याकाळी वेळेत या, उशीर नको, एवढेच तिला सांगितले. तीच त्याची संमती.

परतताना गाडी रिकामी होती. रिकामी असल्यामुळे ती जास्त उड्या मारत होती, आणि डाव्या बाजूने बारीक कुरकुर येऊ लागली. मी कान दिला. बुश असेल, किंवा स्टॅबिलायझरची लिंक, किंवा नुसता मडगार्डचा पत्रा. मी पुन्हा चिडलो. एवढे सगळे करून अजून काहीतरी राहिलेच. मी म्हणालो, आत्ताच फाट्याला नेऊ, मिस्त्री शेडवर असेल.

"नको," ती म्हणाली. "साडेचारला परत निघायचंय. आवाज करू दे. मी ऐकते दोन दिवस, मग सांगते कुठून येतो ते."

तिने मला गावच्या वळणावर उतरवले, आणि गाडी वळवून ती कॅन धुवायला विहिरीकडे गेली.